अंगावरचे दूध आणि वरचे दूध



पवित्र कुरआनच्या सूरह बकरातील २३३ व्या आयतीचा आरंभ आपणांपैकी बहुतेकांच्या कानांवरून गेलेला असतो. दूध पाजण्याची मुदत जिथे पूर्ण करावयाची आहे, तिथे मातांनी आपल्या मुलांना पूर्ण दोन वर्षे पाजावे, असा त्या आरंभाचा आशय. आम्ही इमाम मंडळी मिंबरवरून येथपर्यंत येतो आणि थांबतो. मीही कित्येक वर्षे असाच थांबत आलो. आयत मात्र लांब आहे. तिचा उरलेला भाग बापाविषयी, वारसांविषयी आणि आपसांतील सल्लामसलतीविषयी आहे. हे मला मदरशात शिकवले गेले होते. समजले मात्र एका बाळाच्या आजारपणामुळे.

गेल्या वर्षी एका जुम्याला मी मातेच्या दुधावर बयान केले. आमचे गाव खाडीकाठचे, वस्ती दाट. मशिदीतील बयान ध्वनिक्षेपकावरून घरोघरी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. अल्लाहने दिलेला झरा सोडून आजच्या माता डब्याकडे धावतात, असे काहीसे मी त्या दिवशी बोललो. वाक्य मला त्या वेळी चांगले वाटले होते. पुढच्या आठवड्यात कुवेतहून आमच्याच मोहल्ल्यातील एका तरुणाचा फोन आला. त्याचे पहिले मूल तेव्हा सात आठवड्यांचे होते. बाळंतपणात पत्नीचा रक्तस्राव फार झाला होता, दूध कमी येत होते, म्हणून डॉक्टरांनी अंगावर पाजणे चालू ठेवून दिवसातून तीन वेळा वरचे दूध द्यावयास सांगितले होते. माझे बयान ऐकून त्या माउलीने त्याच दुपारी डबा बंद करून फडताळात ठेवला. बाळ पुढचे दोन-तीन दिवस झोपून राहू लागले; घरच्यांना वाटले, शांत झाले. लंगोट मात्र जवळजवळ कोरडे निघत होते. आशाताई वजनकाटा घेऊन आल्या तेव्हा वजन घसरलेले दिसले आणि बाळाला तालुक्याच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. अल्हम्दुलिल्लाह, ते बरे होऊन घरी आले. तो तरुण माझ्यावर रागावला नव्हता. त्याने एवढेच विचारले, "मौलाना, ती विचारते आहे, आता पुन्हा डबा उघडला तर गुनाह लागेल का?"

त्या प्रश्नाला मी फोनवर दोन शब्दांत उत्तर दिले. खरे उत्तर आज येथे देत आहे, कारण माझे बयान ऐकणाऱ्या आणखी किती जणी असा डबा बंद करून बसल्या असतील, हे मला माहीत नाही.

गुनाह लागत नाही. याच आयतीत अल्लाह सांगतो की कोणाही जिवावर त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकला जात नाही. मुलाच्या निमित्ताने मातेला त्रास दिला जाऊ नये आणि बापालाही नाही. दोन वर्षांची गोष्टसुद्धा, मुदत पूर्ण करू इच्छिणाऱ्यासाठी, अशा शब्दांत आली आहे. दोघांनी परस्परसंमतीने व विचारविनिमयाने त्याआधी दूध तोडावयाचे ठरवले तर त्यात दोष नाही, आणि दुसऱ्या स्त्रीकडून पाजवून घ्यावयाचे असेल तर तिचा मोबदला रीतसर चुकता करण्याच्या अटीवर त्यातही दोष नाही. सूरह तलाकच्या ६ व्या आयतीत, अडचण उभी राहिली तर दुसरी कोणी पाजील, असे आले आहे. अडचण येऊ शकते हे ज्याने ते दूध निर्माण केले त्यानेच मान्य केले असताना आपण तिच्यासाठी मातेला गुन्हेगार ठरवावे, याला आधार काय?

कोकणातील आम्ही बहुसंख्य शाफई. इमाम नववी यांच्या 'मिन्हाजुत्तालिबीन' या ग्रंथात मसला स्पष्ट आहे: बाळंतपणानंतरचे पहिले दूध, ज्याला अरबीत 'लिबा' आणि आपल्याकडे चीक म्हणतात, ते पाजणे मातेवर बंधनकारक, त्यानंतर पाजणारी दुसरी कोणी उपलब्ध असेल तर मातेवर सक्ती नाही. देशावरचे आपले हनफी बांधव पाजणे ही मातेची धार्मिक जबाबदारी मानतात, परंतु सर्वसाधारण स्थितीत काझीने तिच्यावर जबरदस्ती करावी असे त्यांचेही मत नाही. या मसल्याचा एक उपयोग जाता जाता सांगतो. काही घरांत तीन किंवा पाच अजाना होईपर्यंत नवजात बाळाला दूध द्यावयाचे नाही, अशी समजूत अजून आहे. धर्माच्या नावावर चालणाऱ्या या रीतीला धर्मात थारा नाही. ज्या पिवळसर, दाट चिकाला शाफई फुकहांनी बंधनकारक ठरवले, तोच या रीतीत वाया जातो.

एवढ्यावर थांबलो तर मी पहिल्यासारखीच दुसरी चूक करीन. डबा हराम नाही हे ऐकून कोणी निर्धास्तपणे डब्यावरच विसंबले, तर अंगावरचे दूध थोड्याच आठवड्यांत आटू शकते, आणि ज्या मातेला ते टिकवायचे होते तिच्या हातून ते नकळत निसटते. तालुक्याच्या रुग्णालयातील एका अनुभवी परिचारिकेने त्या सासू-सुनेला समोर बसवून जे समजावले, ते मी नंतर विचारून घेतले. मदरशातल्या एखाद्या धड्याइतकेच ते मला महत्त्वाचे वाटते.

दूध हे घागरीत साठवलेल्या पाण्यासारखे नाही. ते मागणीप्रमाणे तयार होते. बाळ जितके ओढील आणि स्तन जितके रिकामे होतील, तितका शरीराला आणखी दूध करण्याचा इशारा मिळतो. दूध आत तुंबून राहिले तर उलटा इशारा मिळतो आणि उत्पादन मंदावते. म्हणून वरच्या दुधाची प्रत्येक वाटी, जर ती अंगावर पाजण्याच्या जागी दिली गेली, तर एका पाजण्याचा इशारा पुसते. सासूबाई मायेने म्हणतात, "तू झोप, रात्रीचे मी डब्याचे देते." परंतु दूध निर्माण करणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण रात्रीच अधिक असते, रात्रीचे पाजणे सलग टळले की दुधाला ओहोटी लागते. प्रेमाने केलेली मदतच अशी अंगाशी येते.

यावर त्या परिचारिकेने सांगितलेली रीत साधी आहे. आधी अंगावर, दोन्ही बाजूंना. मग गरजेपुरते वरचे, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा बाळ छातीशी लागले पाहिजे. एखाद्या वेळी वरचेच द्यावे लागले, माता आजारी आहे किंवा कामावर आहे, तर त्या वेळचे दूध स्वच्छ हाताने किंवा पंपाने काढावे. ते काढलेले दूध पुढच्या वेळी बाळाला आधी मिळते आणि शरीराचा हिशेबही चुकत नाही. वरचे दूध बाटलीने न देता वाटी-चमच्याने किंवा आपल्या आज्या वापरत त्या बोंडल्याने द्यावे. बाटलीतून दूध फारसे न ओढता येते; त्याची सवय लागलेली काही बाळे मग छातीशी कंटाळतात. बाळाला उघड्या अंगाने मातेच्या छातीवर ठेवल्याने पान्हा फुटावयास मदत होते. अळिवाची खीर, मेथीचे आणि डिंकाचे लाडू बाळंतिणीने जरूर खावेत, ते पौष्टिक आहेत. पण केवळ लाडवांनी दूध वाढेल आणि बाळ छातीशी लावावयास नको, अशी अपेक्षा ठेवू नये.

दूध खरोखर कमी आहे की तसे वाटते आहे, हेही पाहावे लागते. बाळाचे रडणे हा त्याचा पुरावा नव्हे. संध्याकाळी अनेक बाळे घटकेघटकेला छाती मागतात आणि घरातील कोणीतरी लगेच म्हणते, "हिचे दूध पुरत नाही." एकदा हे वाक्य घरात रुजले की मातेचा स्वतःवरचा विश्वासच उडतो. पहिला आठवडा उलटल्यावर दिवसभरात सहा किंवा अधिक लंगोट नीट ओले होत असतील आणि काट्यावर वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. ते होत नसेल तर मात्र लाज न बाळगता डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडचा विकार, बाळंतपणातील अतिरक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहून जाणे, छातीवर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची दुबळी ओढ, अशी खरी कारणे असतात आणि त्यांतील कित्येकांवर उपचार आहेत. डॉक्टरांनी सुरू केलेले वरचे दूध मनाने एकाएकी थांबवू नये. ते कमी करावयाचे तर थोडेथोडे, दर खेपेला वजन पाहून. आमच्या मोहल्ल्यात हीच चूक झाली आणि तिचे निमित्त मी होतो.

लोक माझ्याकडे दुधासाठी तावीज मागावयास येतात, दम केलेले पाणी मागतात. मी दुआ करतो. दुआ हे मोमिनचे बळ आहे. मात्र उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, असे सांगितले होते. वजनकाटा हे या बाबतीतले उंट बांधणे आहे. आणि कृपा करून ते दम केलेले पाणी सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या तोंडात घालू नका. प्यावयाचे असेल तर मातेने प्यावे. तसेच एक वर्षाच्या आत मध चाटवू नये. मध उत्तम आहे, पण एवढ्या कोवळ्या आतड्यांना त्यातील विशिष्ट जंतूंपासून गंभीर विषबाधा होऊ शकते.

धर्माच्या गोष्टीत डॉक्टर कशाला, असे कोणी म्हणेल. सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे: दूध पाजत असलेल्या पत्नीशी सहवास केल्यास बाळाला अपाय होतो, अशी अरबांत समजूत होती आणि प्रेषित (सल्ल.) यांच्या मनात त्याला मनाई करण्याचे आले होते. मग त्यांनी रोमन आणि इराणी लोकांकडे पाहिले. ते तसे करतात आणि त्यांच्या मुलांना काही इजा होत नाही, हे ध्यानात घेऊन त्यांनी मनाई केली नाही. बाळाच्या दुधाच्या प्रश्नात खुद्द पैगंबरांनी परक्या लोकांचा अनुभव विचारात घेतला, तर आपण परिचारिकेचे का ऐकू नये?

आता आयतीच्या त्या भागाकडे येऊ, जो आपण मिंबरवरून वगळतो. दूध मातेचे, परंतु त्या मातेचे अन्न व वस्त्र रीतीप्रमाणे पुरवण्याची जबाबदारी बापाची, असे अल्लाहने म्हटले आहे. आणि बाप नसेल तर वारसावरही तशीच जबाबदारी. आमच्या गावातील बाप कुवेतला, कतारला, दुबईला असतात आणि दरमहा पैसे पाठवतात. त्यांचे कष्ट मी कमी लेखत नाही. तरीही अन्न-वस्त्र या शब्दांत आज काय काय येते, याचा विचार करा. दूध पाजणाऱ्या स्त्रीने सर्वांच्या शेवटी उरलेसुरले खाणे त्यात येत नाही. तिच्या रक्ताची तपासणी त्यात येते. पंप लागला तर त्याचा खर्च येतो. डबा लागला तर त्याची किंमतही येते, आणि ती मोजताना तोंडून टोमणा निघू नये, हेही येते. पाहुण्यांच्या पंगती चाळीस दिवस तिच्याच हातून उठाव्यात आणि मग दूध का नाही म्हणून तिलाच विचारावे, हा तर उघड जुलूम आहे. घरात असताना प्रेषित (सल्ल.) घरच्यांच्या कामात असत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितल्याचे बुखारीत आहे. जो पुरुष घरी आहे, त्याने बोंडले उकळून ठेवणे आणि पाजून झालेले बाळ खांद्यावर घेणे ही सुन्नतच समजावी.

डब्याच्या मापाविषयी एक इशारा देणे भाग आहे. डबा महाग, म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त घालून तो महिनाभर पुरवण्याचा प्रकार गरीब घरांत होतो. असे पातळ दूध पोट फुगवते, पोषण करत नाही आणि बाळाच्या जिवावरही बेतू शकते. डब्यावर लिहिलेले माप हे या बाबतीतले इमानाचे माप आहे. पाणी खळखळून उकळलेले, आणि पावडर घालताना ते चांगले गरम असावे; मग बाळाला सोसेल इतके निवू द्यावे. उरलेले उष्टे दूध पुढच्या वेळेसाठी ठेवू नये. ज्या घराला पुरेसा डबा परवडत नाही, त्या घराच्या दारात जमातीच्या जकात समितीने स्वतःहून जावे. त्या मातेला मागावयास लावू नये. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने या दुधाच्या जाहिरातीवर बंदी आहे आणि मातेचे दूध सर्वोत्तम असल्याची सूचना प्रत्येक डब्यावर छापावी लागते. कायद्याने डबा निषिद्ध केलेला नाही, त्याच्या प्रलोभनाला आळा घातला आहे. मलाही त्या जुम्याला एवढाच तोल सांभाळावयाचा होता.

दाई हलीमा (रजि.) यांचा वृत्तांत सीरतच्या ग्रंथांत आहे. दुष्काळाचे वर्ष, स्वतःच्या तान्ह्याला पुरेल इतके दूध अंगावर नाही, त्याच्या भुकेल्या रडण्याने रात्रभर कुणाचा डोळा लागत नाही, सोबतच्या उंटिणीलाही थेंब नाही. त्यानंतर मक्केच्या अनाथ बाळाला छातीशी घेतल्यावर जी बरकत झाली, ती आपण मीलादच्या प्रत्येक जलशात सांगतो. ती खास त्या बाळाची बरकत होती. माझे लक्ष आता आधीच्या रात्रीकडे जाते. ज्या स्त्रीला अल्लाहने आपल्या पैगंबराची दूधमाता म्हणून निवडले, तिचेही दूध कमी पडले होते, आणि त्या वृत्तांतात तिला कुणी बोल लावलेला नाही.

बोल लावून घेतला तो एका खलिफाने, स्वतःला. हजरत उमर (रजि.) यांच्या कारकिर्दीत दूध तुटलेल्या मुलांना बैतुलमालमधून वेतन मिळत असे. एका रात्री मदीनेबाहेर उतरलेल्या काफिल्यावर पहारा देताना त्यांना एका बाळाचे रडणे ऐकू आले. ते तीनदा गेले, मातेला समजावले, अखेर कारण विचारले. समोर कोण आहे हे तिला माहीत नव्हते. ती म्हणाली की उमर दूध तुटलेल्यांनाच वेतन देतात, म्हणून मी वेळेआधीच तोडते आहे. त्या पहाटेच्या नमाजात उमर (रजि.) यांचे पठण रडण्यामुळे लोकांना नीट कळेना. मग त्यांनी जन्मलेल्या प्रत्येक मुलाला वेतन जाहीर केले. त्या मातेला त्यांनी दोन वर्षांचा उपदेश करून परत पाठवले नाही. आपल्या नियमाने तिच्यावर काय वेळ आणली, हे पाहिले. ही रिवायत मी विद्यार्थी असताना परीक्षेसाठी पाठ केली होती.

अंगावर पाजणारी शेजारीण किंवा नणंद मदतीला उभी राहिली तर तीही अल्लाहची रहमत आहे, परंतु तिथे दुधाचे नाते जुळते आणि पुढे विवाहाचा निषेध येतो. शाफई मतानुसार वेगवेगळ्या पाच वेळा पाजल्याने, हनफी मतानुसार एकदाच्या पाजण्यानेही. म्हणून कुणी, कुणाला, केव्हा पाजले हे घरात लिहून ठेवावे. डब्यातील गाईच्या दुधाने असे कोणतेही नाते जुळत नाही. हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो, म्हणून येथे लिहिले.

त्यानंतरच्या जुम्याला मी त्याच मिंबरवरून ती आयत अखेरपर्यंत वाचली आणि माझ्या बयानात काय चुकले ते सांगितले. त्या घरी डबा पुन्हा उघडला गेला. सासूबाई बोंडले उकळू लागल्या, रात्रीचे पाजणे मातेने सोडले नाही, आशाताईंचा काटा दर आठवड्याला येत राहिला. चौथ्या महिन्यापर्यंत तीन वेळचे वरचे दूध एका वेळेवर आले. ते एक वेळचे मात्र राहिलेच. अलीकडे त्या तरुणाचा पुन्हा फोन आला. मूल आता सव्वा वर्षाचे आहे, घरचे सर्व काही खाते. पत्नीची प्रकृती पाहता अंगावरचे तोडावे की दोन वर्षे चालू द्यावे, असे त्याने मला विचारले. मी त्याला विचारले, "तिचे काय म्हणणे आहे?" त्याने अजून तिला विचारले नव्हते. मी म्हटले, "मग आधी तिला फोन लाव."